युगांडात हापसा बसवण्याआधी

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा : नोकरीनिमित्त कंपालात आहात, आईंच्या स्मरणार्थ तिथल्या एखाद्या खेड्यात बोअर मारून हापसा बसवायचा आहे, ठेकेदाराने नावाच्या पाटीसकट अंदाजपत्रक दिलंय, तर पैसे सत्कारणी लागतील का?

लागतील, पण बहुधा नव्या बोअरवर नाही. मी आधी आपल्याकडे आणि मग पूर्व आफ्रिकेत हापशांच्याच कामात राहिलो, त्यामुळे सरळ सांगतो. त्या गावाच्या आसपास बंद पडलेले हापसे आधी मोजा. ग्रामीण पाणीपुरवठ्यावर काम करणाऱ्या ‘रूरल वॉटर सप्लाय नेटवर्क’ या आंतरराष्ट्रीय गटाने आफ्रिकेतल्या २० देशांची आकडेवारी एकत्र केली तेव्हा सुमारे ३६ टक्के हापसे बंद निघाले होते. पुढे परिस्थिती थोडी सुधारली, तरी बंद हापसा शोधायला तुम्हाला फार लांब जावं लागणार नाही. खाली बोअर शाबूत, पाणी आहे, आणि वर दांडा लोंबतोय. एका नव्या बोअरच्या पैशात असे बरेच हापसे पुन्हा चालू होतात.

तुम्हाला तिथे दिसेल तो हापसा ओळखीचा वाटेल, कारण तो मूळचा आपलाच. पूर्वी आपल्याकडे बोअरवर बसायचे ते बिडाचे पंप एका घराला पुरतील असे. सगळं गाव हापसायला लागलं की ते मोडत. जालन्याच्या आणि सोलापूरच्या मिशनमधल्या मंडळींनी पोलादी पंप करून पाहिले. सोलापूरच्या नमुन्यात दांड्याला साखळी होती, त्यामुळे खालचा रॉड सरळ लटकत राहायचा आणि वेडावाकडा घासायचा नाही. त्यावरूनच युनिसेफच्या पाठबळाने ‘इंडिया मार्क टू’ घडला आणि १९७७-७८ च्या सुमारास मद्रासेत त्याचं मोठं उत्पादन सुरू झालं. युगांडात त्याला ‘यू टू’ म्हणतात. (सोलापूरकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही. आपल्याकडे ही गोष्ट फारशी कुणाला माहीतही नसते.)

पण हा पंप तिथे गेला तो आपल्या जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपांसकट, आणि घोळ तिथेच झाला. आपल्या काळ्या पाषाणातलं पाणी बहुतेक ठिकाणी या पाइपांना मानवतं. युगांडात अनेक भागांत भूजल आम्लधर्मी आहे. पीएच ६.५ च्या खाली गेला की जस्ताचा मुलामा उडतो, लोखंड गंजतं आणि सकाळी पहिल्यांदा हापसलं की लालसर पाणी येतं. कपड्यांवर डाग पडतात, शिजवलेल्या अन्नाचा रंग आणि चव बिघडते. मग बायका हापसा सोडून जुन्या झऱ्यावर किंवा दलदलीच्या डबक्यावर जातात. कागदावर मात्र तो हापसा ‘चालू’. २०१६ मध्ये युगांडाच्या पाणी मंत्रालयाने हापशांसाठी जीआय पाइप आणि रॉड वापरणं थांबवलं. तुमच्या अंदाजपत्रकात जीआय लिहिलं असेल तर त्या ठेकेदाराशी पुढे बोलूच नका. स्टेनलेस स्टील लिहिलं असेल तर ते कोणत्या दर्जाचं (ग्रेडचं) आहे ते तपासून घ्या, हलकं स्टीलही त्याच नावाने खपवतात.

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. मार्क टूचं वायसर बदलायचं तर सगळे पाइप वर ओढावे लागतात, तिकाटणं आणि चार-पाच माणसं लागतात. याच पंपाच्या ‘मार्क थ्री’ या पुढच्या प्रकारात पाइप न काढता दट्ट्या वर येतो. बोअर फार खोल नसेल तर मी तोच घेईन. गावात पाणी समिती असते, पण वर्गणी नियमित गोळा होतेच असं नाही. हापसा चालू असताना कुणाला पैसे द्यावेसे वाटत नाहीत आणि बंद पडला की एकदम मोठी रक्कम उभी राहत नाही. हे आपल्याकडच्या पाणीपट्टीसारखंच आहे, आफ्रिकेलाच नावं ठेवायला नकोत. केनियात क्यूसो भागात एक वेगळी पद्धत करून पाहिली. दुरुस्तीची जबाबदारी गावावर न टाकता पगारी मेकॅनिकांच्या एका गटाकडे दिली. आधी बंद हापसा सुरू व्हायला महिनाभर लागे, तो तीन दिवसांच्या आत होऊ लागला. युगांडात जिल्हावार हँडपंप मेकॅनिकांच्या संघटना आहेत. डिस्ट्रिक्ट वॉटर ऑफिसरला भेटून अशा संघटनेशी काही वर्षांचा देखभालीचा करार करा आणि पैसे टप्प्याटप्प्याने द्या. माझ्या मते आईंच्या नावाने करण्यासारखं खरं काम हेच, मग पाटी लागो न लागो.

संडासांचं तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंय, पण ते याला जोडूनच आहे. शोषखड्ड्याचे संडास हापशापासून किमान ३० मीटर लांब हवेत आणि खड्ड्याचा तळ भूजलाच्या दीड मीटर तरी वर. हापशाचा कट्टा तडकलेला असेल, सांडपाणी तिथेच साचून त्यात गुरं उभी राहत असतील, तर ती घाण बोअरच्या कडेने खाली उतरते. त्यामुळे कट्टा आणि सांडपाण्याची नाली दुरुस्तीच्या खर्चात धराच. शिवाय हापशाचं स्वच्छ पाणी घरी जातं ते खाद्यतेलाच्या पिवळ्या २० लिटरच्या कॅनमधून. आतून शेवाळलेला कॅन, त्यात बुडवलेला हात, की पाणी पुन्हा दूषित. कॅन धुण्याबद्दल आणि घरी पाणी उकळण्याबद्दल गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांशी बोला, त्याला फारसा खर्च नाही.

सध्या एवढंच करा : गाव ठरलं की तिथल्या एकदोन हापशांचं पाणी तपासून घ्या. पीएच, लोह, फ्लोराइड आणि ई-कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू) या चार चाचण्या पुरे. फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर निघालं तर तो हापसा पिण्याच्या पाण्यासाठी दुरुस्त करण्यात अर्थ नाही, दुसरा बघा. आकडे आणि बोअरची खोली इथे टाका, मग पाइप कोणता घ्यायचा ते सांगतो.