सराव सुरू व्हायच्या आधी मी बरा होईन ना?

पावसाळा सरत आला की माझ्याकडे येणाऱ्या फुटबॉलपटूंचा प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, सराव सुरू व्हायच्या आधी मी बरा होईन ना?" माझं काम खेळाडूंच्या मनाशी; खरं तर हे डॉक्टरांना किंवा फिजिओला विचारायचं. तिथं विचारून झालेलंच असतं, पण उत्तर पटलेलं नसतं.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी इथलं वेळापत्रक सांगते. हंगाम साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगने सुरू होतो आणि उन्हाळाअखेरपर्यंत छत्रपती शाहू स्टेडियमवर एकामागून एक स्पर्धा चालतात. मग पाऊस, आणि मैदानं चिखलात. गांधी मैदानात तर पाणीच साचतं. दुखापतीतून उठायला हेच काय ते महिने मिळतात. पोरांच्या डोक्यात तारीख पक्की असते: दसरा. त्यानंतर सराव, आणि सरावाला जो दिसला नाही तो विसरला गेला, असा प्रत्येकाचा समज.

ज्याची गोष्ट सांगते तो बाविशीचा, एका पेठेच्या संघाचा डावा विंगर, म्हणजे डाव्या कडेनं चढाई करणारा. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत. फेब्रुवारीतल्या सामन्यात डाव्या पायावर जोर देऊन आत वळताना त्याचा गुडघा फिरला आणि एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारा आतला अस्थिबंध, तुटला. मार्चअखेर शस्त्रक्रिया झाली. सप्टेंबरात तो आला तेव्हा सोबत आई होती, आणि वडील बाहेर गाडीपाशी थांबले होते.

त्याचं म्हणणं एका वाक्यात संपलं. "पाय एकदम ओके हाय. फिजिओ उगाच अडवायलाय, तुम्ही जरा सांगा की त्येला." आईचं म्हणणं बरोबर उलटं. "ताई, तुम्हीच सांगा ह्याला, बास झाला आता फुटबॉल." वडील स्वतः जुने खेळाडू. नंतर आत आले तेव्हा म्हणाले, आमच्या वेळी हळद-तेल चोळून दुसऱ्या दिवशी उतरायचो. त्या पिढीतले किती जण आज जिना चढताना कठडा धरतात, हे मी विचारलं नाही.

तिघांनाही माझ्याकडून निकाल हवा होता. तो देणं माझं काम नव्हे. पण पोराच्या बोलण्यातली एक गोष्ट मला खटकली. मी विचारलं, "पहिल्या दिवशी सरावात काय करशील?" तर म्हणाला, "एकदा उतरलो की कळंल काय ते." दात दुखणारा माणूस खुर्चीत बसल्या बसल्या "काढा एकदाचा" म्हणतो, तसा सूर होता तो. त्या घाईत मला भीती दिसत होती. ज्याला गुडघ्याची खात्री असते, तो आणखी दोन महिने सहज थांबतो. ज्याला नसते, त्याला एकेक दिवस जड जातो.

अशा खेळाडूंसाठी 12 प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, एसीएल-आरएसआय नावाची. पुन्हा दुखापत होईल असं वाटतं का, गुडघ्याचा विचार न करता खेळता येईल का, असे प्रश्न. गुण शून्य ते शंभर, जास्त म्हणजे मनाची तयारी जास्त. मी प्रश्न मराठीत वाचून दाखवले. त्याचे गुण तिसाच्या आत आले. तो कागदाकडे बघत राहिला, मग हळूच म्हणाला, रोज रात्री मोबाईलवर ती क्लिप बघतो.

आमच्याकडचे सामने आता लाईव्ह दाखवतात. त्याच्या गुडघ्याचे ते काही सेकंद कुणीतरी कापून ग्रुपवर टाकले होते. त्यात त्याला कुणी धक्का मारलेला नाही. तो एकटाच वळतो आणि खाली बसतो. एसीएल बहुतेक वेळा असाच तुटतो, कुणी न धडकता. डॉक्टरांच्या दृष्टीनं हा साधा तपशील, पण माझ्या कामाच्या दृष्टीनं सगळी गोम इथंच आहे. कुणी पाडलं असतं तर त्याच्यावर राग काढता आला असता. इथं दोषी धरायला स्वतःच्या गुडघ्याशिवाय कुणी नाही, आणि तो गुडघा तर रोज सोबत वागवायचा.

क्लिप पुसून टाक, असं मी सांगितलं नाही. पुसली तरी ग्रुपवर आहेच. त्याऐवजी पूर्ण सामना बघायला सांगितला, सुरुवातीपासून त्या क्षणापर्यंत. आणि एकच काम दिलं: डाव्या पायावर जोर देऊन किती वेळा वळलास ते मोज. पुढच्या वेळी आला तो जरा ओशाळूनच. चाळीसच्या वर मोजून सोडून दिलं म्हणाला. तोच पाय, तेच वळण, तेच मैदान. त्याला आठवत होतं ते फक्त शेवटचं वळण.

मग आकडे समोर ठेवले. तोवर ठेवले असते तर त्याने कान बंद केले असते. एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर खेळात परतलेल्यांवर 2016 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेपासून नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, तितक्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यानं घटत गेलेलं दिसलं. नऊ महिन्यांनंतर आणखी थांबून तसा फायदा दिसला नाही. मार्चअखेरपासून नऊ महिने म्हणजे डिसेंबरअखेर. दसऱ्याचा हिशेब बसत नव्हता. नुसते महिने भरूनही भागत नाही. मांडीची ताकद आणि एका पायावरच्या उड्या दुसऱ्या पायाच्या निदान 90 टक्के भराव्या लागतात. त्याचं शेवटचं मोजमाप 78 होतं. फिजिओ अडवत होता तो यासाठी.

पोरगा लिव्हरपूलवाला, त्या इंग्लिश क्लबचा चाहता. म्हणून त्यांचा बचावपटू व्हॅन डाइक याचं उदाहरण दिलं. ऑक्टोबर 2020 मध्ये त्याचा गुडघा गेला, पुढच्या उन्हाळ्यात युरो स्पर्धा होती, आणि तो गेला नाही. जुलैत, क्लबच्या हंगामपूर्व सरावाच्या काळात, मैदानात उतरला. यावर पोरानं दिलेलं उत्तर मला अजून आठवतं. "त्येला घरी बसून पगार मिळतोय मॅडम. माझी जागा कोण धरून ठेवणार?"

बरोबर होतं त्याचं. इथली मुलं नोकरी-धंदा सांभाळून खेळतात. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक संघांकडे स्वतःचा फिजिओ नाही, उपचाराचा खर्च घरचाच. जागेची काळजी मनाचा खेळ म्हणून झटकण्यासारखी नाही. पण तिच्यावर उपाय गुडघ्यात नव्हता, प्रशिक्षकांच्या घरी होता. त्यानं सरांशी सात महिन्यांत एकदाही सरळ बोलणं केलं नव्हतं. भेटले की "येतोय सर दसऱ्याला" एवढंच. काय बोलायचं ते आम्ही बसून ठरवलं: डिसेंबरअखेरपर्यंत सामना नाही, पण सरावाला रोज येतो, फिजिओ सांगेल तेवढंच करतो, हंगामाच्या नोंदणीत नाव ठेवाल का? सर म्हणाले, नाव ठेवतो, पण फिजिओचा कागद आणल्याशिवाय उतरवणार नाही. आणि त्याच्या जागी एक नवा पोरगा बघतोय, हेही सांगितलं. ते त्याला झोंबलं. तरी त्या आठवड्यात पहिल्यांदा नीट झोप लागली, असं तोच म्हणाला.

पुढचं काम संथ आणि कंटाळवाणं. ज्या ज्या हालचालीची धास्ती वाटते ती वहीत लिहायची, शून्य ते दहा गुण द्यायचे. सरळ पळणं एक. पळता पळता एकदम थांबणं चार. कुणीतरी खांद्यानं रेटणं सहा. बॉलसकट डाव्या पायावर आत वळणं नऊ. खालून सुरुवात करायची, फिजिओनं परवानगी दिलेलीच हालचाल करायची, आणि गुण निम्म्यावर आल्याशिवाय पुढची पायरी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजलेला दिसला तर एक पायरी खाली. स्नायू नुसते अंगदुखीसारखे भरून आले तर घाबरायचं नाही. हा फरक त्याला कुणी सांगितलाच नव्हता, प्रत्येक ठणक त्याला नवी दुखापत वाटायची. "चार"वरून "दोन"वर यायला त्याला तीन आठवडे लागले, आणि मधे एकदा वही फेकून निघून गेला होता.

आईशी वेगळं बसले. तिला खेळ नको होता, कारण स्टेडियमवर त्या दिवशी ती गॅलरीत होती. तिनं मुलाचं ओरडणं ऐकलं होतं, आणि त्यावर तिच्याशी घरात कुणी चकार शब्द बोललं नव्हतं. शस्त्रक्रियेनंतर शंभरातले साधारण 65 खेळाडू जुन्या पातळीवर परततात, हे मी तिला लपवलं नाही. उरलेल्यांत आपला असला तर काय, हे दोघांनी एकदा मोकळेपणानं बोलावं, एवढंच सुचवलं.

हॅमस्ट्रिंगवाल्यांसाठी, म्हणजे मांडीच्या मागचे स्नायू दुखावलेल्यांसाठी, दोन ओळी. पावसाळ्यात टर्फवरच्या बक्षिसाच्या स्पर्धा खेळून मांडी धरते, ते प्रशिक्षकांपासून लपवलं जातं, आणि महिनाभर बसलेला पाय ऑक्टोबरात एकदम पूर्ण वेगानं पळवला जातो. आधीची दुखापत हाच पुढच्या हॅमस्ट्रिंग दुखापतीचा सगळ्यात मोठा इशारा असतो. लपवू नका. आणि दुखापतीनंतर झोप पार उडाली, मित्र टाळले जाऊ लागले, दारू वाढली, जगण्यात राम वाटेना, तर दसरा-दिवाळीची वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

आमचा विंगर जानेवारीच्या शेवटी फिजिओचा कागद घेऊन आला, मोजमाप 93. फेब्रुवारीत शेवटची वीस मिनिटं उतरला. दोनदा टॅकल टाळला, हे त्यानंच येऊन सांगितलं, वहीत "चार" लिहून. आता तक्रार वेगळी आहे: सर अजून बदली खेळाडू म्हणूनच उतरवतात, तो नवा पोरगा फॉर्मात आहे. यासाठी माझ्याकडे यायची गरज नाही, सरावाला जा, असं मी त्याला सांगितलंय.