गर्दी जमली की टॅबलेट मिक्सरला सापडत नाही

प्रश्न : होम मैदानावरील कार्यक्रमात साउंड चेकपर्यंत टॅबलेटवरून डिजिटल मिक्सर (माइक-वाद्यांचे आवाज जुळवणारे यंत्र) व्यवस्थित चालतो, पण प्रेक्षक भरले की संपर्क तुटतो. कोणता राउटर घ्यावा? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : मिक्सरमध्येच बसवलेल्या वाय-फायवर आपण विसंबून असाल, तर दोष बहुधा तिथेच आहे. ते बहुधा २.४ गिगाहर्ट्झ या लहरींच्या पट्ट्यात चालते आणि त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल, म्हणजे वाय-फायच्या वाटा, जेमतेम तीन: १, ६ आणि ११. त्यात शेकडो मोबाइलची गर्दी होते आणि माणसांची शरीरेही लहरी शोषून घेतात. म्हणून ५ गिगाहर्ट्झवर चालणारा, बाहेरच्या अँटेनांचा वेगळा राउटर घ्यावा, तो केबलने मिक्सरला जोडावा आणि स्टँडवर प्रेक्षकांच्या डोक्यांपेक्षा उंच ठेवावा. रॅकच्या लोखंडी पेटीत कोंबलेला महागडा राउटरही निरुपयोगीच. चॅनेल ‘ऑटो’वर न सोडता ३६ ते ४८ यांपैकी एक ठरवून द्यावा, कारण पुढच्या काही चॅनेलवर रडारची चाहूल लागताच राउटरला जागा बदलावी लागते. पासवर्ड मंडळाच्या कार्यकर्त्यांनाही देऊ नये. संपर्क तुटला तरी आवाज सहसा बंद पडत नाही, केवळ ताबा जातो; तरीही राउटरला यूपीएस आणि हाताशी केबलने जोडलेला लॅपटॉप असावाच.