गणपतीला गावचं घर उघडलं, सोफ्याला कुबट वास येतोय. चार दिवसांत कसा घालवू?

तुम्ही लिहिलंय की मे अखेरीपासून घर बंद होतं, सोफ्यावर प्लास्टिक घातलेलं होतं, वरून बुरशी कुठे दिसत नाही, तरी बसलं की कुबट वास येतो. शेवटी विचारलंय, शॅम्पू मारणाऱ्याला बोलावू का? नका बोलावू. भाद्रपदात सोफ्याला शॅम्पू म्हणजे ओल्या अंथरुणावर आणखी एक तांब्या.

तुमच्या प्रश्नाखाली तिघांनी रात्रभर खायचा सोडा टाकायला सांगितलंय. सोडा आंबट वासावर चालतो. दूध सांडलं, घाम मुरला, तिथे जरूर टाका. कुबट वास म्हणजे बुरशी वाढताना सोडत असलेले वायू. ती आत वाढत असताना वर पांढरी पूड पसरून काय होणार? दमट कापडावर सोडा शिवणीत जाऊन चिकटतो आणि व्हॅक्यूमची पिशवी चोंदते, एवढंच. धूप-ऊद घातला की वासावर वास बसतो. डांबरगोळ्यांचं तर नावही काढू नका, घरात तान्हं मूल असेल तर मुळीच नाही. जी-सिक्स-पीडी या, तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची जन्मतः कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्या वासाने फुटू शकतात.

गळती नसली तरी सोफा ओला होतो, हे लोकांना पटत नाही. आर्द्रता 85 टक्क्यांवर अडकून राहिली की लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सतरा-अठरा टक्के पाणी नुसत्या हवेतून येऊन बसतं. तरट आणि काथ्याही तसेच ओल धरतात. वरून प्लास्टिक घातलं की आतली ओल आतच राहते.

अशाच एका सोफ्याचं पोट उघडल्यावर काय निघालं ते सांगतो, कारण तुमचाही बहुधा तसाच निघेल. चिऱ्याचं घर, बाहेरून गिलावा नाही, तीन सीटचा सोफा आणि त्याची पाठ पावसाच्या बाजूच्या भिंतीला टेकलेली. दोन वर्षं लागोपाठ ऐन पावसाळ्यात शॅम्पू झालेला. दर वेळी आठवडाभर लिंबाचा वास, मग पुन्हा मूळपदावर. मालकांना खात्री होती की फोम गेला. सुट्या उशा गॅलरीत नेल्या, तासाभराने एकेक दाबून नाकाशी धरली. दाबल्यावर आतली हवा बाहेर येते, म्हणून दाबूनच हुंगायचं. सहापैकी पाच उशा निर्दोष निघाल्या.

मग सोफा उलटा केला. तळाला काळं कापड असतं, स्टेपल गनच्या पिनांनी ठोकलेलं. पिनांकडे आधी बघा. पुढच्या पिना चकचकीत, मागच्या बाजूच्या गंजलेल्या, म्हणजे ओल भिंतीकडून आलेली. पिना चपट्या स्क्रू-ड्रायव्हरने उचकून पकडीने काढल्या, कापड खाली आलं, तेव्हा खरा वास सुटला. काळ्या कापडाच्या आतल्या बाजूला राखाडी-हिरवी साय, पाठीच्या प्लायला तळापासून वीतभर तसाच थर. प्लाय साधा. घरातल्या कोरड्या जागेसाठी ठीक, पण ओल्या भिंतीला टेकवून ठेवायचा नव्हे. पट्ट्यांवरचं तरट नुसतं दमट नव्हतं, हाताला थंड लागत होतं. त्यावरचा काथ्या तर पिळून निघेल असा.

काथ्यापर्यंत पाणी कुठून गेलं? शॅम्पूने. यंत्र पाणी मारतं आणि लगेच ओढतं, पण ओढतं ते कापडातलं आणि फोमच्या वरच्या थरातलं. फोममधून खाली उतरलेलं पाणी त्याच्या हाताबाहेर गेलेलं असतं. पुढच्या वेळी कोणी आला तर एवढंच करा: टाकीत भरलेलं पाणी मोजा आणि परत आलेलं मळकं पाणी मोजा. पाच लिटर गेलं आणि साडेतीन आलं, तर दीड लिटर तुमच्या सोफ्यात आहे. एप्रिलमध्ये ते दोन दिवसांत उडून जाईल. जुलैत कुठे जाणार? बुरशीला ओल मिळून 24 ते 48 तास पुरतात. “पंख्याखाली ठेवा, सहा तासांत वाळेल,” असं शॅम्पूवाले सांगून जातात. वरचं कापड वाळतं हे खरं.

त्या सोफ्याचं काळं कापड फेकलं, काथ्या आणि तरट बदललं. प्लाय आणि लाकडावर आधी व्हॅक्यूम, तोंडाला एन-95 मास्क लावून. कोरडा ब्रश आधी मारू नका, बुरशीचे बीजाणू घरभर उडतात. मग 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्याने पुसलं. 90 च्या वरचं जास्त जालीम म्हणून आणतात. ते पटकन उडतं आणि त्यात पाणी कमी पडतं, म्हणून 70 च बरं. सोफ्याच्या फ्रेंच पॉलिश केलेल्या लाकडी हातांना हे लावू नका, पॉलिश विरघळून येतं. आणि गणपतीचे दिवस आहेत: समई, निरांजन, उदबत्ती पेटती असताना ही बाटली त्या खोलीत उघडायचीच नाही. ब्लीच तर नकोच. लाकडाच्या आत ते पोचत नाही, त्यातलं पाणी मात्र पोचतं, कापडाचा रंगही जातो.

आता तुमचे चार दिवस. पहिल्या दिवशी प्लास्टिक काढा, सोफा भिंतीपासून ओढा, उशा सुट्या करा, दाबून हुंगा. सोफा उलटा करून काळं कापड पूर्ण काढा. नवीन लावायची घाई नको, पाहुणे सोफ्याखाली बघत नाहीत. चेनवाली कव्हरं निघत असतील तर गार पाण्यात धुवा आणि शेवटच्या पाण्यात अर्ध्या बादलीला एक वाटी पांढरं व्हिनेगर घाला. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र कधीच नाही, विषारी वायू होतो. कव्हर किंचित जरी दमट असेल तरी फोमवर चढवू नका.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फक्त वाळवणं. इथेच सगळे चुकतात, कारण खिडक्या उघडून पंखा लावतात. बाहेरची हवा 30 अंश आणि 85 टक्के असेल, तर 12 बाय 10 च्या, 10 फूट उंच खोलीतल्या नुसत्या हवेत जवळजवळ पाऊण-एक लिटर पाणी असतं, आणि उघड्या खिडकीतून ते पुन्हा पुन्हा भरत राहतं. एसी असेल तर ड्राय मोड, खिडक्या-दारं बंद, उभा पंखा सोफ्याच्या उघड्या पोटाकडे. डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढणारं यंत्र, मिळालं तर उत्तमच. दोन्ही नसेल तर खोली थोडी तापवा: 27 अंशांची 88 टक्के दमट हवा 33 अंशांवर नेली की तीच हवा साधारण 62 टक्क्यांवर येते. रूम हीटर सोफ्यापासून चार फूट लांब, समोर माणूस बसलेला, आणि दर तासाला पाच मिनिटं खिडकी उघडून ती ओली हवा बाहेर. हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं हायग्रोमीटर आणा. काटा 60 च्या खाली दोन दिवस राहिला पाहिजे.

उघडीप मिळाली तर सोफा आडवा करून पोट उन्हाकडे करा. तोंड उन्हाकडे केलंत तर कापड विटतं, रेक्झिन तडकतं. ऊन पृष्ठभागाला लागतं, फोमच्या मधोमध नाही. “एक कडक ऊन दाखवा” म्हणणाऱ्यांना हे सांगून थकायला होतं.

उशी वाळली की नाही हे हाताने कळत नाही. सामान तोलायचा लटकता काटा घ्या, सकाळ-संध्याकाळ प्रत्येक उशी तोला. दोन वजनांत फरक पडेनासा झाला की वाळली. वजन थांबलं आणि तरी वास आहे, तर त्या उशीचा फोम बदला, धूत बसू नका. 40 डेन्सिटीचा घ्या आणि कव्हरच्या मापापेक्षा लांबी-रुंदीला अर्धा इंच जास्त कापून घ्या, नाहीतर कव्हर सैल पडतं.

कापूस भरलेली जुनी बैठक असेल तर हे सगळं सोडा, कापूस उसवून उन्हाळ्यात पिंजून घ्या. आत पार्टिकल बोर्ड असेल आणि तो फुगला असेल तर तो वाळूनही पूर्ववत होत नाही. वास कुबट नसून नाकाला झोंबणारा असेल तर उंदीर आहे. पोट उघडल्यावर लेंड्या दिसतीलच. आणि सोफा पुराच्या पाण्यात बुडालेला असेल, जसे 22 जुलै 2021 ला चिपळुणात बुडाले, तर फोम, काथ्या, कापड सगळं टाकून द्या. ते पाणी गटाराचं असतं. सागाचा सांगाडा तेवढा वाचतो. घरात दम्याचं कोणी असेल तर पोट उघडायचं काम त्यांच्यासमोर नको, अंगणात किंवा पडवीत करा.

निघताना प्लास्टिक पुन्हा घालू नका. जुनी सुती चादर टाका, भिंतीपासून चार इंच सोडा, पायांखाली फरशीचे तुकडे द्या. नवीन काळं कापड लावाल तेव्हा विरळ सुती किंवा नॉन-वोव्हन, रेक्झिन नाही. आणि शॅम्पूच करायचा असेल तर ऑक्टोबरात, दिवाळीच्या साफसफाईत, पाऊस पूर्ण गेल्यावर. तेव्हाही दोन्ही टाक्यांतलं पाणी मोजून घ्या.