जुन्या कॉम्प्रेसरची टाकी अजून वापरण्यासारखी आहे का, हे कसं ओळखायचं?

मालवणच्या बंद गॅरेजमधला २ एचपीचा, १६० लिटर टाकीचा कॉम्प्रेसर होडी रंगवायला घेतलाय, बाहेरून टाकी ठणठणीत दिसते, मग चालवू का, असं तुम्ही विचारलंय. बाहेरून दिसण्यावर जाऊ नका. टाकी आतून, तळाला सडते.

किनाऱ्यावरची पावसाळी हवा ३० अंशांना घनमीटरमागे २५ ग्रॅमहून जास्त बाष्प घेऊन येते. ती ८-९ पट दाबली की बहुतेक पाणी टाकीतच सुटतं. २ एचपीचा पंप सलग चालला तर तासाला पाव लिटरच्या आसपास. ड्रेन कॉक (तळाचा पाणी सोडायचा नळ) रोज उघडला नसेल तर ते तळाशी वर्षानुवर्षं साचलेलं असतं. खाऱ्या वाऱ्याचा गंज वेगळा. तो पायांच्या आणि चाकांच्या पट्ट्यांमागे लपतो.

आधी नेमप्लेट बघा. कामाचा दाब, टेस्टचा दाब, साल यांतलं काहीच वाचता येत नसेल तर मी पुढे जातच नाही. मग दाब शून्य करून ड्रेन उघडा. तांबूस पाणी चालेल, गंजाचे पापुद्रे पडले तर नाही. भोकातून छोटा कॅमेरा घालून तळ बघा.

पुढे अल्ट्रासॉनिक थिकनेस गेजने (ध्वनिलहरींनी जाडी मोजणारं यंत्र) पत्रा मोजा. रंग खरवडून, तळाच्या रेषेवर दर ५ सेंमीला. व्यास ४० सेंमी, दाब सेंमी चौरसाला १० किलो, साधा एमएस (माइल्ड स्टील) पत्रा (सोसायचा ताण सेंमी चौरसाला १२०० किलो, वेल्डिंगच्या सांध्याची ताकद पत्र्याच्या ०.७ पट) धरला तर किमान जाडी २.४ मिमी येते. गंजाला १ मिमी राखून ३.४ च्या खाली एकही आकडा आला तर ती टाकी माझ्या लेखी भंगार. सरासरी काढू नका, सगळ्यात पातळ जागाच फुटते. शिवाय गेज खोल खड्डे चुकवतं, म्हणून कॅमेरा हवाच.

हे जमलं तरच हायड्रो टेस्ट, म्हणजे पाणी भरून दाबाची चाचणी. सेफ्टी व्हॉल्व्ह (दाब वाढला की आपोआप हवा सोडणारी झडप) आणि प्रेशर स्विच (दाब भरला की मोटर बंद करणारा) काढून भोकं बंद करा. टाकी गोड्या पाण्याने काठोकाठ भरा, वरच्या भोकातून हवा पूर्ण जाऊ द्या. पाण्याचंच वजन १६० किलो, तेव्हा खाली लाकडी ठोकळे लावा. हातपंपाने कामाच्या दाबाच्या दीडपट, म्हणजे १० ला १५ किलो, अर्धा तास ठेवा. काटा उतरला, सांध्याला घाम आला किंवा दाब सोडल्यावर फितीने मोजलेला घेर आधीपेक्षा वाढलेला निघाला, तर नापास. कुडाळच्या किंवा रत्नागिरीच्या एमआयडीसीत हा पंप असलेला फॅब्रिकेटर शोधा. हवा भरून टेस्ट करतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका: पाणी फुटलं तर भिजवतं, दाबलेली हवा पत्र्याचे तुकडे फेकते.

सुईएवढं भोक वेल्डने किंवा एम-सीलने बुजवू नका. आजूबाजूचा पत्राही तेवढाच खाल्लेला असतो. पास झाली तरी सेफ्टी व्हॉल्व्ह नवा, नेमप्लेटवरच्या दाबाला किंवा त्याखाली सुटणारा घ्या. टाकी आणि त्याच्यामध्ये कुठलाही स्टॉप व्हॉल्व्ह (बंद करायचा नळ) नको.

नापास टाकीला ड्रिलने दोन-तीन मोठी भोकं पाडूनच भंगारात द्या, नाहीतर कुणीतरी ती परत जोडेल. हेड (हवा दाबणारा पंप) आणि मोटर नवीन टाकीवर बसते.