विचारलं तर डोक्यात भरेल का?

(अनेक घरांतल्या सारख्या अनुभवांवरून ही हकिगत बेतली आहे.)

एक अक्का धाकट्या भावाची चिंता घेऊन आल्या. भाऊ चाळिशीतला. तीन महिन्यांपासून त्यानं साखरेच्या गोळ्या सोडलेल्या, रोजची एक क्वार्टर दोनवर गेलेली, जेवण एकवेळ, झोप तीन-चार तास. रात्री पिऊन, हेल्मेट न घालता गाडी हाणायचा. कुणी टोकलं की उत्तर ठरलेलं, "माझं काय, आज आहे उद्या नाही." घरचे म्हणत, बेफिकीर झालाय. अक्कांना मात्र झोप नव्हती. "जीव द्यायचा विचार येतो का असं तोंडानं विचारलं, तर नसलेलं डोक्यात भरणार नाही का?"

नाही भरत. विचारल्यानं तो विचार पेरला जात नाही. आधीच असेल तर बोलायला वाट मिळते आणि बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं.

वीस वर्षं तंबाखू खाणारा माणूस स्वतःचं नुकसानच करत असतो, पण इथं पाहायचा तो बदल. थोड्या दिवसांत तीन-चार गोष्टी एकदम बिघडल्या, औषध सुटलं, बोलण्यात 'उद्या नाही' यायला लागलं, तर ती नुसती सवय समजू नये. मधुमेहींमध्ये नैराश्य जास्त आढळतं, आणि गोळ्या सोडणं हे कधी कधी न बोललेलं 'जगायचं नाही' असू शकतं. आपण मात्र पिणाऱ्याला व्यसनी म्हणतो, जीव द्यायला निघालेल्याला पळपुटा म्हणतो. दोन्ही शब्दांनी माणूस गप्पच होतो.

"काही वेडंवाकडं तर मनात नाही ना?" असं विचारू नये. त्या प्रश्नातच 'नाही म्हण' ही विनवणी असते. अक्कांनी सकाळी, तो शुद्धीत असताना, शेताच्या वाटेवर विचारलं: "गोळ्या सोडल्यास, झोपत नाहीस. मरून जावंसं वाटतं का रे तुला?" बऱ्याच वेळानं तो "हो" म्हणाला.

इथंच बहुतेक घरं चुकतात. "पोरांकडे बघ" म्हणतात, डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतात. तो शपथ घेतो आणि पुढच्या वेळी सांगत नाही. अक्कांनी फक्त ऐकलं. मग विचारलं, कधीपासून वाटतंय, काही ठरवलंयस का, त्यासाठी काही जवळ ठेवलंयस का. ठरवलेलं असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. त्याच्या घरची फवारणीची औषधं कुलपात गेली, किल्ली चुलत्यांकडे. मरणाची तीव्र ऊर्मी पुष्कळदा काही वेळानं ओसरते. तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं, तर जीव वाचू शकतो.

दारू त्यांनी आपल्या मनानं एकदम बंद करू दिली नाही, हे फार बरं झालं. रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक सोडली तर थरकाप, भ्रम, कधी झटके येऊ शकतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीतच करायचं. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आधीच "फरक नाही" म्हणून सोडतात, म्हणून घरच्यांनी रोज हातात द्यायच्या, आणि एकदम खूप गोळ्या हाताशी नकोत म्हणून आठवड्यापुरत्याच आणायच्या.

पोलिसांचं भय त्यांना होतंच. त्यामुळे प्रयत्न झाल्यावरही 'चुकून झालं' असं सांगितलं जातं आणि मनाचे उपचार राहून जातात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरतो आणि त्याच्या उपचारांची जबाबदारी सरकारवर टाकतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं 309 कलम नाही.

एका कागदावर त्यानं स्वतःच्या अक्षरात लिहिलं: मन फिरायला लागलं की काय जाणवतं, तेव्हा कुठं जाऊन बसायचं, अक्का आणि एका मित्राचा नंबर, डॉक्टरांचा नंबर आणि टेलिमानस या सरकारी मानसिक मदतीच्या फोनसेवेचा 14416. हा नंबर मोफत आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. कागदाची घडी पाकिटात. सहाव्या आठवड्यात झोप सहा तासांवर आली, साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या. दारू पुरती सुटलेली नाही. अक्का दर रविवारी शेताच्या वाटेवर तोच प्रश्न अजूनही विचारतात.