खेळ बंद करू का?

प्रश्न : मुलगा तिसरीत आहे. संध्याकाळभर विटीदांडू चालतो, वहीत मात्र मोजमापाची गणितं चुकतात. खेळ बंद करू का? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, मुळीच नको. जिल्हा परिषदेच्या शाळेत मी मोजमाप मैदानावरच शिकवायचे. विटी पडली की अंतर दांडूने मोजतात ना? मी मुद्दाम दोन गटांना वेगवेगळे दांडू द्यायचे, 50 आणि 40 सेंटिमीटरचे. अंतर तेच, पण एकाचे 12 दांडू भरत, दुसऱ्याचे 15. मग जुंपायची! ‘बाई, हा लबाडी करतोय!’ शेवटी मुलंच पट्टी मागायची. गुणाकार केला की दोन्हीकडे 600. मीटर कशाला लागतो, हे मला सांगावंच लागायचं नाही.

मात्र खेळून आल्यावर ते आकडे वहीत उतरवून घ्या. नुसत्या खेळाने पेपर सुटत नाही.

सुट्टीत अंगणात काठी उभी रोवा, सावली खडूने आखायला लावा. साताऱ्यात मेच्या दुसऱ्या आठवड्यात एके दिवशी साडेबाराच्या सुमारास ती नाहीशीच होते. आणि हो, विटी कोलताना धाकट्यांना लांब उभं करा, डोळ्याला लागते.