अर्ध्याची मागणी आणि भावाचा अबोला

प्रिय ताई,

वडिलांच्या तेरवीच्या दुसऱ्याच दिवशी धाकट्या भावाने हक्कसोडपत्र पुढे केले, तेव्हा तो काहीच देणार नाही असे धरून आपण यजमानांकरवी अर्ध्या शेताची मागणी कळवली आणि तेव्हापासून त्याने बोलणे सोडले, असे आपण यवतमाळ जिल्ह्यातून लिहिले आहे. दोन एकरांत आपले समाधान होणार होते. तो घासाघीस करील म्हणून तीन मागितले, हेही आपण लिहिले आहे, आणि माझ्या मते सारा गुंता तिथेच आहे.

बैलबाजारात किंमत चढवून सांगतात, कारण समोरचा पाडून मागणार हे दोघांनाही ठाऊक असते. भावाने मात्र गावातल्या इतर बहिणींप्रमाणे आपणही सही कराल असेच गृहीत धरले होते. त्यामुळे अर्ध्याची मागणी ऐकून विहिरीसकट शेत गेले, असे त्याला वाटले असणार. त्याच्या अबोल्याला आपण लोभ म्हणता आणि वकिलाची नोटीस पाठवू पाहता. ती हाती पडली, की ताई आपल्या मुळावर उठली आहे ही त्याची समजूत पक्की होईल.

शेत वडिलांनी स्वतः विकत घेतलेले आहे आणि मृत्युपत्र नाही, असे आपण कळवले आहे. तसे असेल, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार आई, आपण आणि भाऊ हे तिघे समान वारस ठरतात, म्हणजे सहा एकरांत प्रत्येकी दोन एकर. आईचा हिस्सा आपण दोघांनीही धरलाच नाही, याचे मला फार वाईट वाटले.

हक्कसोडपत्रावर सही करू नका आणि नोटीसही तूर्त थांबवा. आधी आईजवळ बसून तिला काय हवे ते विचारा. मग भावाकडे स्वतः जा, खरा आकडा सांगा, आणि विहिरीचे पाणी त्याच्या कपाशीला मिळत राहील, हे त्याने विचारण्याआधीच बोला, कारण त्याचा जीव तिथेच अडकलेला दिसतो. पीककर्ज किती थकले आहे, तेही त्यालाच विचारा. तो चिडला, तर ‘मला ठाऊकच होते’ असे म्हणून उठू नका. त्याचे पूर्ण ऐकून घ्या आणि काही दिवसांनी पुन्हा जा. तिघांचे एकमत झाले, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ नुसार तहसीलदारांकडे वाटणीचा अर्ज करता येतो. न जमल्यास दिवाणी न्यायालय आहेच. मात्र वारस फेरफारात आपले आणि आईचे नाव लागले आहे का, हे तलाठ्यांकडे लगेच पाहून घ्या.